फरशी आणि वाट

रेल्वेच्या फलाटावर, मेट्रोच्या जिन्यापाशी आणि अलीकडे शहरांतील नव्या पदपथांवर उठावाच्या पिवळ्या फरश्यांचा एक पट्टा आपल्याला दिसतो. बहुतेकांना तो शोभेसाठी केलेला वाटतो. पावसाळ्यात पाय घसरू नये म्हणून ही खबरदारी घेतली असावी, असेही काहीजण मानतात. अभियंते या फरश्यांना टॅक्टाइल टाइल्स म्हणतात. माझ्या सेवाकाळात अशा फरश्यांचा समावेश असलेल्या अनेक अंदाजपत्रकांवर मी सह्या केल्या. तरीही त्या नेमके काय सांगतात हे मला फार उशिरा समजले, आणि तेही एका दृष्टिहीन शिक्षकांनी माझी चूक दाखवून दिल्यानंतर. त्या निमित्ताने मी या फरशीचा इतिहास वाचून काढला. एखादी चांगली कल्पना शासनयंत्रणेत शिरली की तिचे काय होते, याचा तो एक बोलका नमुना आहे.

आरंभ जपानमधील ओकायामा या शहरात झाला. सेइइची मियाके नावाचे एक गृहस्थ तेथे प्रवासी निवास चालवीत. नवनवीन वस्तू घडवण्याचा त्यांना छंद होता. ते अभियंता नव्हते की सरकारी अधिकारी नव्हते. रस्ता ओलांडणाऱ्या एका अंध माणसाला अगदी घासून मोटार गेल्याचे त्यांनी पाहिले आणि तेव्हापासून हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत राहिला, असे सांगतात. त्यांचे एक स्नेही दृष्टी गमावत चालले होते. त्यांच्या बोलण्यातून मियाके यांना कळले की शेवाळलेली जमीन कुठे संपते आणि मोकळी माती कुठे सुरू होते, हे बुटाच्या तळव्यातूनही जाणवते. पायाला जर इतके कळत असेल तर रस्त्याने पायाशीच बोलावे, ही कल्पना त्यातून जन्मली. १९६५ मध्ये त्यांनी उठावाच्या गोल ठिपक्यांची सिमेंटची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळ, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २ वरील एका ओलांडणीपाशी अशा २३० फरश्या बसवण्यात आल्या. जगातील हा पहिला प्रयोग. त्या मियाके यांनी स्वतः देणगी म्हणून दिल्या होत्या.

जपानी भाषेत या फरशीला 'तेंजी ब्लॉक' म्हणतात. तेंजी म्हणजे ठिपक्यांची लिपी, अर्थात ब्रेल. मात्र फरशीवर ब्रेलची अक्षरे नसतात. तिची भाषा त्याहून पुष्कळ सोपी असून तिच्यात दोनच शब्द आहेत. लांबट रेघा असलेली फरशी सांगते, 'या दिशेने चालत राहा'. गोल ठिपक्यांची फरशी सांगते, 'थांब, पुढे काहीतरी आहे'. हे 'काहीतरी' म्हणजे रस्ता, जिना, फलाटाची कड किंवा वाटेचे वळण. चालणारा काठीच्या टोकाने आणि तळपायाने हे दोन शब्द वाचत जातो. पुढे ठरलेल्या जपानी मानकात ठिपक्यांची व रेघांची उंची ५ मिलिमीटर आहे. बुटातून जाणवावी इतकी ती पुरेशी आहे, पण तिला ठेच लागू नये आणि चाकांची खुर्ची अडू नये इतकी ती कमीही ठेवलेली आहे. रंग पिवळा असतो, कारण दृष्टिदोष असलेल्या अनेकांची दृष्टी पूर्णपणे गेलेली नसते. काळ्या वा करड्या जमिनीवरचा पिवळा पट्टा त्यांना पुसटसा का होईना, दिसतो. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याशी काम पडणार आहे.

पहिल्या प्रयोगानंतर लगेच सगळीकडे मागणी आली, असे झाले नाही. १९७० मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने ओसाका भागातील आबिकोचो स्थानकाच्या फलाटावर या फरश्या बसवल्या. ते स्थानक अंधशाळेच्या जवळचे होते. म्हणजे जेथे अंधांची वस्ती वा शाळा असेल तेथेच या फरश्यांची गरज, अशी समजूत तेव्हा दिसते. अंध माणूस शाळेखेरीज बाजारात, कचेरीत, नातेवाइकांकडेही जातो, हे यंत्रणेच्या ध्यानात यायला वेळ लागला. आपल्याकडेही कित्येक ठिकाणी हीच समजूत आजही काम करते.

१९७३ मध्ये ओसाकाच्याच फुकुशिमा स्थानकावर एक दृष्टिहीन प्रवासी फलाटावरून रुळांवर पडून गंभीर जखमी झाला. त्या फलाटावर ठिपक्यांच्या फरश्या नव्हत्या. त्याने राष्ट्रीय रेल्वेवर नुकसानभरपाईचा दावा लावला. फरश्या नसणे हा सार्वजनिक सुविधेतील दोष आहे काय, असा त्यातला प्रश्न होता. अपिलात रेल्वेला जबाबदार धरण्यात आले. परंतु २५ मार्च १९८६ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : नवे सुरक्षा-साधन नाही एवढ्यावरून दोष ठरत नाही. त्या काळी ते साधन किती प्रमाणित झाले होते आणि किती पसरले होते, त्या स्थानकाची रचना व वापर पाहता अपघाताची शक्यता कितपत होती, साधनाची निकड किती होती, ते बसवण्यात अडचणी काय होत्या, हे सर्व पाहावे लागेल.

कायद्याच्या अंगाने या निकालात तर्क आहे. पण प्रशासकाच्या नजरेने तो वाचला की एक गोष्ट खुपते. जोपर्यंत एखादे साधन प्रमाणित होत नाही तोपर्यंत ते न बसवणाऱ्याला 'अजून कोणीच बसवत नाही' असे म्हणता येते, आणि कोणीच बसवत नाही तोपर्यंत ते प्रमाणितही होत नाही. हे चक्र मानकाने तुटते. जपानमध्ये त्यासाठी बराच काळ जावा लागला. वेगवेगळे उत्पादक वेगवेगळ्या आकाराच्या व संख्येच्या ठिपक्यांच्या फरश्या बनवीत होते. एका शहरात शिकलेली खूण दुसऱ्या शहरात चालेलच याची खात्री नव्हती. प्रवासाच्या साधनांतील अडथळे दूर करण्याचा कायदा २००० मध्ये आला आणि फरशीचे राष्ट्रीय मानक २००१ मध्ये. मियाके १९८२ मध्येच वारले होते. पहिल्या फरशीपासून मानकापर्यंत ३४ वर्षे गेली. आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

मानक तयार झाले तरी शिकणे थांबत नाही, याचेही एक उदाहरण जपाननेच दिले. फलाटाच्या कडेला ठिपक्यांचा पट्टा असला की 'येथे कड आहे' हे कळते. पण कड नेमकी कोणत्या बाजूला? गर्दीत धक्का लागून दिशा चुकलेला माणूस पट्ट्यावर उभा असतो. एका बाजूला फलाट, दुसऱ्या बाजूला रूळ, आणि ठिपके दोन्हीकडून सारखेच. म्हणून पुढे या पट्ट्याच्या आतल्या बाजूस एक सलग उठावाची रेघ जोडण्यात आली. रेघ ज्या बाजूला, ती बाजू सुरक्षित. एवढीशी सुधारणा, पण ती कागदावर बसून सुचणारी नाही. ती वापरणाऱ्यांच्या अनुभवातूनच येते.

आता आपल्या देशाकडे येऊ. 'अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि पूर्ण सहभाग) अधिनियम, १९९५' हा कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या ४५ व्या कलमात रस्त्यांचा विचार आहे. चौकातील सिग्नलला ध्वनीची जोड द्यावी, झेब्रा क्रॉसिंगच्या पृष्ठभागावर व रेल्वे फलाटांच्या कडांवर अंधांसाठी उठावाच्या खुणा कराव्यात, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. म्हणजे आपले कायदेमंडळ १९९५ मध्येच या विषयापर्यंत पोहोचले होते. मात्र कलमाच्या सुरुवातीलाच एक शब्दसमूह होता : 'आपल्या आर्थिक क्षमतेच्या व विकासाच्या मर्यादेत'. हे शब्द संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदातून आलेले आहेत. तेथे ते राज्यधोरणाच्या मार्गदर्शक तत्त्वाचा भाग आहेत आणि तेथे ते शोभतात. पण कर्तव्य सांगणाऱ्या कलमात तेच शब्द आले की कर्तव्य ऐच्छिक होऊन बसते. कोणत्याही नगरपालिकेच्या लेखापालाला विचारा, आर्थिक क्षमता या वर्षी आहे असे तो कधीच सांगणार नाही.

प्रत्यक्ष रस्त्यांवर फारसे काही घडत नसताना डिसेंबर २००२ मध्ये दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा सुरू झाला. प्रवेशद्वारापासून तिकीटखिडकी, जिना व फलाटापर्यंत जाणारी सलग उठावाची वाट अनेक भारतीयांनी प्रथम पाहिली ती मेट्रोच्या स्थानकांत. मेट्रोला जमले ते पदपथावर का जमत नाही, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे. निधी हे त्याचे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. स्थानकाच्या आत जमीन, जिना, खांब आणि फरशी या सर्वांचा धनी एकच असतो. पदपथावर मात्र फरशी नगरपालिकेची, विजेचा खांब वीज कंपनीचा, खालची नळी पाणीपुरवठ्याची, केबल दूरसंचारची, सिग्नल पोलिसांच्या अखत्यारीतला, आणि कधी कधी रस्ताच मुळी सार्वजनिक बांधकाम खात्याचा. प्रत्येकाचे काम आपापल्या कागदावर बरोबर असते. तुटते ती वाट, आणि वाटेचा धनी कोणीच नसतो.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी उत्तरेकडील एका मध्यम आकाराच्या शहराचा कारभार माझ्याकडे होता. मुख्य रस्त्याचे सुशोभीकरण हाती घेतले होते आणि मार्चअखेर निधी खर्ची पडायचा होता. वास्तुरचनाकारांनी सुचवले की पिवळा रंग दगडी पदपथाला विशोभित दिसेल; करड्या फरशीला करड्याच टॅक्टाइल टाइल्स घ्याव्यात. मी मान्यता दिली. काम वेळेत झाले. मोजमाप पुस्तिकेत चौरस मीटर बरोबर होते, दर निविदेप्रमाणे होता, लेखापरीक्षणात एकही आक्षेप आला नाही.

उद्घाटनानंतर काही दिवसांनी एक वयस्क गृहस्थ भेटायला आले. ते अंधशाळेत संगीत शिकवून निवृत्त झाले होते आणि गावात सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. तक्रार करतील असे वाटले होते, पण ते एवढेच म्हणाले, "साहेब, वेळ असेल तर माझ्याबरोबर थोडे चाला." आम्ही निघालो. शंभरेक पावलांवर त्यांची काठी विजेच्या खांबावर आपटली. वाट सरळ खांबात जात होती. "ही मला रोज याला भेटवून आणते," ते हसून म्हणाले. पुढे एका पेटीला वळसा घालून आम्ही पुन्हा वाटेवर आलो, तेव्हा ते थांबले आणि म्हणाले, "साहेब, आता पायाने पाहा." मी बूट काढून फरशीवर उभा राहिलो. रेघा नव्हत्याच, सगळे ठिपके होते. कंत्राटदाराकडे त्या आठवड्यात ठिपक्यांच्या फरश्याच शिल्लक होत्या, त्याने त्याच अखंड घातल्या होत्या. चालायच्या वाटेवर अर्धा किलोमीटर आम्ही 'थांब, थांब, थांब' असे लिहून ठेवले होते. अंदाजपत्रकात फक्त 'टॅक्टाइल टाइल्स' असा एकच शब्दप्रयोग होता, त्यामुळे कंत्राटदाराची चूकही धरता येत नव्हती. मास्टरजींबरोबर त्यांचा एक विद्यार्थी आला होता, त्याला अंधुक दिसत असे. करड्यावर करडे त्याला काहीच दिसत नव्हते.

परत येताना मास्टरजी म्हणाले, "पूर्वी मी दुकानांच्या भिंतीच्या कडेने जात असे, ते बरे होते. भिंत खोटे बोलत नाही." हे वाक्य मी त्यानंतर विसरलेलो नाही. काहीच न केले असते तर त्या माणसाने आपल्या सवयीची वाट धरली असती. आम्ही त्याला एक वचन दिले आणि ते शंभर पावलांवर मोडले. ज्याला दिसते तो चुकीची पाटी पाहून हसतो आणि पुढे जातो. ज्याला दिसत नाही तो त्या पाटीवर आपला देह सोपवतो.

अंधशाळेपासून बसथांब्यापर्यंतचा भाग आम्ही नंतर दुरुस्त करून घेतला. रेघांच्या व ठिपक्यांच्या पिवळ्या फरश्या वेगवेगळ्या बाबी म्हणून मागवल्या, खांब हलवले, आणि अंतिम देयकापूर्वी मास्टरजी व त्यांचे दोन विद्यार्थी ती वाट एकट्याने चालून दाखवतील, अशी अट घातली. पहिल्या दिवशी त्यांनी सात ठिकाणी चुका काढल्या. उरलेल्या रस्त्याचे काम मार्गी लागण्याआधी माझी बदली झाली.

दरम्यान कायदा बराच पुढे गेला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सुगम्यतेचे नियम पाळल्याखेरीज बांधकामाला परवानगी वा पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असे त्यात आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारतींसाठी नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. ते नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्ये संपली.

या सर्व काळात एक खटला सर्वोच्च न्यायालयात चालू होता. राजीव रतुरी या स्वतः दृष्टिहीन असलेल्या नागरिकाने २००५ मध्ये ती याचिका केली होती. रस्ते, वाहतूक व सार्वजनिक इमारती दृष्टिहीनांना सुरक्षितपणे वापरता याव्यात, ही त्यांची मागणी. १५ डिसेंबर २०१७ रोजी न्यायालयाने कालमर्यादा घालून निर्देश दिले. ते पुरेसे पाळले गेले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्यायालयाने नेमक्या जागी बोट ठेवले. कायदा सक्तीची भाषा बोलतो, पण त्याखालच्या २०१७ च्या नियमांतील १५ (१) हा नियम वेगवेगळ्या खात्यांच्या केवळ मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो; सबब तो नियम मूळ कायद्याच्या अधिकारकक्षेबाहेरचा आहे, असे न्यायालयाने ठरवले. कोणत्या किमान गोष्टी सक्तीच्या आणि कोणत्या टप्प्याटप्प्याने करायच्या, हे वेगळे काढून तीन महिन्यांत नियम करावेत, असा आदेश केंद्र सरकारला दिला. पाठोपाठ १४ मे २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने सांगितले की अडथळामुक्त पदपथ वापरण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पदपथ दिव्यांगांनाही वापरता आले पाहिजेत.

'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' पासून 'जगण्याचा हक्क' पर्यंत हा तीस वर्षांचा प्रवास आहे. २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. तेव्हा हा काही थोडक्यांचा विषय नव्हे. पण नुसत्या निकालांनी मास्टरजींची वाट सरळ होणार नाही. ती जेथे वाकडी होते ती जागा न्यायालयात नाही. ती आमच्या अंदाजपत्रकाच्या एका ओळीत आहे.

म्हणून सेवेत असलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, फरशी चौरस मीटरमध्ये मोजू नका. अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंतची वाट असे मोजा. मधे तुटलेली वाट म्हणजे शून्य काम. रेघा व ठिपके या दोन स्वतंत्र बाबी म्हणून दाखवा, आणि रंगाचा निर्णय सौंदर्यदृष्टीवर सोपवू नका. दुसरी, अंतिम देयकाच्या कागदांत दृष्टिहीन व्यक्तींनी वाट चालून पाहिल्याचा अहवाल असू द्या, आणि त्यांच्या या कामाचे मानधन अंदाजपत्रकातच धरा. ते तज्ज्ञाचे काम आहे, उपकार नव्हे. तिसरी, खोदकामाची परवानगी देताना टॅक्टाइल फरश्या त्याच क्रमाने व त्याच दिशेने परत बसवण्याची अट घाला आणि त्यासाठी अनामत वेगळी ठेवा. नव्या कामाची तपासणी आपण निदान करतो. खोदकामानंतर उलटी बसवलेली एक फरशी मात्र कोणाच्याच वहीत येत नाही.

यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. मात्र देयकावर सही करण्यापूर्वी एक दिवस त्या रस्त्याने, चालणाऱ्याच्या मागे मागे, हळू चालावे लागते. मी ते उशिरा केले. ज्यांच्या सह्या अजून व्हायच्या आहेत त्यांना ते वेळेत करता येईल.